संग्रहालयं नव्हती तेव्हा चित्रकार एकमेकांची चित्रं कुठे बघत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट जन्मात कधी इटलीला गेला नाही, तरी राफाएल आणि तिशियन हे इटालियन चित्रकार त्याच्या हातात इतके कसे मुरले? आणि त्या काळी चित्रं बघायला संग्रहालयं होती का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: आजच्या अर्थाने नव्हती. चित्रं चर्चमध्ये होती, राजवाड्यांत होती, पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यांत होती. चर्चमधली कोणीही बघावीत, बाकीची बघायला ओळख लागे. पहिला प्रश्न मात्र माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रेम्ब्रांट विशीत असताना कॉन्स्टंटाइन हायखेन्स या दरबारी सचिवाने त्याला आणि त्याचा मित्र यान लिव्हेन्सला इटलीची वाट धरायला सांगितलं होतं. राफाएल आणि मायकेलअँजेलो डोळ्यांनी बघून या, असा त्याचा आग्रह. पोरांचं उत्तर होतं की ऐन उमेदीची वर्षं प्रवासात घालवायला आम्हाला सवड नाही, आणि उत्तम इटालियन चित्रं आता इथे हॉलंडमध्येच बघायला मिळतात. हायखेन्सला याची हळहळ वाटली. मला मात्र पोरांचं म्हणणं पटतं. अ‍ॅम्स्टरडॅम तेव्हा व्यापाराने गजबजलेलं शहर होतं, आणि चित्रंही बाकीच्या मालासारखी तिथे येत, हात बदलत आणि पुढे जात.

१६३९ साली तिथे लुकास फान उफेलन या व्यापाऱ्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्यात राफाएलने काढलेलं बाल्दासारे कास्तिल्योने या इटालियन दरबारी लेखकाचं व्यक्तिचित्र होतं. रेम्ब्रांट लिलावाला हजर होता. त्याने कागदाच्या एका तुकड्यावर झरझर पेन चालवून ते चित्र टिपून घेतलं आणि बाजूला किंमत लिहिली: ३५०० गिल्डर. सगळा संग्रह कितीला गेला तेही लिहिलं. (त्याच वर्षी त्याने १३,००० गिल्डरला घर घेतलं. त्यावरून त्या एका चित्राची किंमत ताडून बघा.) हा कागद आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. रेषा नीट बघितल्या की लक्षात येतं, राफाएलच्या चित्रातली टोपी डोक्यावर सरळ बसलेली आहे, रेम्ब्रांटच्या कागदावर ती एका बाजूला झुकली आहे. बघता बघताच तो चित्र स्वतःचं करून घेत होता. त्याच वर्षी त्याने स्वतःचं एक मुद्राचित्र (तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर काढलेला छाप) केलं आणि १६४० मध्ये तैलरंगात आत्मचित्र रंगवलं. दोन्हींत तीच बसण्याची ढब आहे, अंग वळलेलं आणि नजर आपल्यावर. कठड्यावर टेकलेला हात मात्र तिशियनकडून आला असं अभ्यासक मानतात. कास्तिल्योनेचं चित्र विकत घेणाऱ्या आल्फोन्सो लोपेझकडे तिशियनचंही एक व्यक्तिचित्र होतं.

पण असे लिलाव रोज होत नसत. रोजचा खुराक होता मुद्राचित्रांचा. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेघा खोदायच्या, त्यांत शाई भरायची, पत्र्याचा वरचा भाग पुसून लख्ख करायचा, ओलसर कागद ठेवून रुळांच्या दाबयंत्रातून काढायचा. एका पत्र्यातून शेकडो प्रती निघत. राफाएल स्वतः मार्कान्तोनियो राइमोन्दीला रेखाटनं पुरवायचा आणि तो ती पत्र्यावर कोरायचा, म्हणून राफाएल रोमबाहेर सगळीकडे पोहोचला. रेम्ब्रांट १६५६ मध्ये कर्जात बुडाला तेव्हा सरकारी माणसांनी त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी केली. ती माझ्या मते चित्रकलेच्या इतिहासातल्या सर्वांत बोलक्या कागदांपैकी एक आहे. त्यात मुद्राचित्रांच्या वह्याच वह्या आहेत: मान्तेन्याची एक, राफाएलच्या कित्येक, आणि तिशियनची जवळजवळ सगळी कामं असलेली एक भलीमोठी. हा माणूस इटलीला गेला नाही खरा, पण इटली त्याच्या कपाटात होती. नुसती इटलीच नाही. मुघल लघुचित्रं समोर ठेवून त्याने केलेली वीसेक रेखाटनंही आज शिल्लक आहेत.

आता मुद्राचित्रांची उणीव. एक तर छाप उलटा येतो. कोरणाऱ्याने आधीच उलटं कोरलं नसेल तर उजवा हात डावा होतो. दुसरं आणि फार मोठं म्हणजे रंग जातो. मी चित्रकला शिकवते. दरवर्षी मुलांना तिशियनच्या एखाद्या चित्राचा काळा-पांढरा छाप देते आणि सांगते, मूळ रंग काय असतील ते ओळखून रंगवा. आकार सगळ्यांना जमतात. रंग एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत आणि मूळ चित्राच्या जवळ कोणीच जात नाही. एकदा एका मुलीने मूळ चित्राचा रंगीत फोटो बघितल्यावर, "म्हणजे हे आकाश आहे होय!" असं म्हटलं. तिने तिथे भिंत रंगवली होती. त्या काळच्या युरोपातल्या बहुतेक चित्रकारांची अवस्था हीच होती. रचना, अंगविक्षेप, कपड्यांच्या घड्या कागदावरून गावोगाव पोहोचत. रंग जिथल्या तिथे राहायचा.

म्हणून ज्यांना मूळ चित्रापाशी उभं राहता आलं त्यांच्यात एकदम फरक पडलेला दिसतो. १६२८ मध्ये फ्लेमिश चित्रकार रुबेन्स राजकीय वाटाघाटींसाठी माद्रिदला आला. वय ५१, नाव युरोपभर झालेलं. तरी राजवाड्यात तिशियनची चित्रं बघितल्यावर हा माणूस शिकाऊ पोरासारखा त्यांच्या नकला करत बसला! त्याने केलेली तिशियनच्या 'युरोपाचं हरण'ची (म्हणजे ग्रीक पुराणकथेतल्या युरोपा या राजकन्येच्या अपहरणाच्या चित्राची) नक्कल आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. तेव्हा दरबारात २९ वर्षांचा स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ होता आणि त्याने हे सगळं जवळून बघितलं. पुढच्याच वर्षी तो इटलीला निघाला. खूप वर्षांनी त्याने सूत कातणाऱ्या बायकांचं चित्र रंगवलं, त्यात मागच्या भिंतीवरच्या पडद्यात पुन्हा तीच युरोपा आहे.

ग्रंथालयांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील. चित्रकारांना आणि अभ्यासकांना दार आधी उघडलं ते काही ग्रंथालयांनी. मिलानमध्ये कार्डिनल फेदेरिको बोरोमेओने १६०९ मध्ये अम्ब्रोसियाना ग्रंथालय वाचकांना खुलं केलं, १६१८ मध्ये आपली चित्रं त्याला देऊन टाकली आणि लगेच तिथे चित्रकलेची अकादमी काढली. पुस्तकं, चित्रं आणि शिकणं एकाच छपराखाली. राफाएलच्या 'अथेन्सची पाठशाळा' या भित्तिचित्राचं मूळ आकारातलं कच्चं रेखाटनही तिथे आहे. पॅरिसमध्ये १६६७ साली चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने मिशेल द मारोल या धर्मगुरूचा मुद्राचित्रांचा संग्रह राजाच्या ग्रंथालयासाठी घेतला. सुमारे १,२३,००० मुद्राचित्रं! तीही आधी वह्यांत चिकटवलेली, म्हणजे पुस्तकांसारखीच फळीवर ठेवण्याजोगी. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये उघडलं तेव्हा तेही बऱ्याच अंशी पुस्तकांचं घर होतं, आणि आत जायला आधी अर्ज करून तिकीट मिळवावं लागे.

चित्रांची दारं हळूहळू उघडली. पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्यात १७५० पासून राजाची शंभरेक चित्रं आठवड्यातून दोन दिवस, काही तास बघायला मिळू लागली. फ्लॉरेन्सचं उफ्फिझी १७६९ मध्ये खुलं झालं. त्याआधी फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याच्या शेवटच्या वारसदार आन्ना मारिया लुइझाने १७३७ मध्ये करारच करून ठेवला होता की यातली एकही वस्तू शहराबाहेर जाता कामा नये. ती बाई नसती तर उफ्फिझीतलं किती काय आज विखुरलेलं असतं, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. व्हिएन्नात क्रिस्तियान फॉन मेखेलने १७८१ च्या सुमाराला सम्राटाची चित्रं प्रांत आणि काळ यांच्या क्रमाने लावली. आज आपल्याला तो क्रम स्वाभाविक वाटतो. तेव्हा चित्रं भिंत भरेल अशी, आकार जुळवून टांगायची पद्धत होती, त्यामुळे अनेकांना ते रुचलं नाही.

१० ऑगस्ट १७९३ रोजी पॅरिसचं लूव्र संग्रहालय उघडलं, ५३७ चित्रांसह. फ्रेंच राज्यक्रांतीने आणलेला आठवडा दहा दिवसांचा होता. त्यातले निम्मे दिवस चित्रकारांना नकला करण्यासाठी राखले होते आणि सर्वसामान्य लोकांना तीनच. आज हे अन्यायाचं वाटेल, पण मला त्यामागची तळमळ कळते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी काळ्या-पांढऱ्या छापांवर भागवलं त्यांना प्रथमच मूळ रंगासमोर, हवा तितका वेळ, पुन्हा पुन्हा उभं राहता येणार होतं. ती परंपरा अजून चालू आहे. परवानगी घेऊन लूव्रमध्ये नक्कल करता येते, अट एवढीच की कॅनव्हास मूळ चित्रापेक्षा निदान एक पंचमांश लहान किंवा मोठा हवा, म्हणजे कोणी ती खरी म्हणून खपवू नये.

आणि कास्तिल्योने? लोपेझकडून तो कार्डिनल माझारँकडे गेला, १६६१ मध्ये चौदाव्या लुईकडे आला आणि आता लूव्रमध्येच आहे. रेम्ब्रांटचं १६४० चं आत्मचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिन्ही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ही चित्रं ठेवलेली आहेत. राफाएलचं मूळ, अल्बर्टिनातला लिलावाचा कागद आणि लंडनचं आत्मचित्र अशी तीन चित्रं पडद्यावर शेजारी लावा आणि आधी टोपी बघा, मग खांदा, मग हात.