झोपेत वीर्य गेल्यानं अशक्तपणा येतो का? भरतीची तयारी करतोय, वय २२, महिन्यातनं तीन-चार वेळा होतं

नाही येत, तीन-चार वेळा होणं एकदम नॉर्मल आहे, त्यानं तुझं रनिंग कमी होणार नाही की मेडिकलमध्ये कोण तुला बाद करणार नाही. घाबरूलास कशाला? ह्याला स्वप्नदोष म्हणतात खरं पण ह्यात दोष काहीच नाही बघ, शरीर वीर्य सारखं तयार करत असतं आणि झोपेत स्वप्नं पडतात त्या टप्प्यात लिंगात रक्त आपोआप वाढतं, निरोगी पुरुषाला रात्रीतनं तीन ते पाच वेळा ताठरता येते, त्यात कधी वीर्यपण बाहेर पडतं, तुझ्या मनावर ते नसतंच. जातं ते २ ते ५ मिली, म्हणजे चमचाभर, आणि शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य ही गोष्ट साफ खोटी. मी बेळगावात मेडिकल दुकानात बसतो, ह्या भीतीनं पावडरी-गोळ्यांवर हजारो घालवलेली पोरं रोज बघतो, लई वाईट वाटतं. थकवा, धडधड, झोप न लागणं हे बहुतेक वेळा त्या काळजीनंच होतं, डॉक्टर लोक त्याला धात सिंड्रोम म्हणतात आणि नीट समजावलं की बरंच कमी होतं. फक्त लघवीला जळजळ, वीर्यात रक्त, दुखणं किंवा दिवसा पू सारखं काही येत असेल तर बसस्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातवाल्याकडं न जाता सिव्हिलला दाखव, आणि काळजीनं झोपच उडाली असेल तर १४४१६ ला फोन लाव, टेलीमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, फुकट, मराठीत पण बोलतात.