स्क्रीम, श्रीक, स्क्रीच, स्क्वील : सगळीकडे 'किंचाळणे' का चालत नाही

प्रश्न असा आला आहे : अंधेरीतल्या एका स्टुडिओसाठी इंग्रजी मालिकेची मराठी सबटायटलं करताना कंसातल्या आवाजाच्या सूचनांपाशी काम अडतं. एकाच भागात बाई स्क्रीम करते, टायर स्क्रीच करतात, बाळ स्क्वील करतं, सायरन वेल करतो आणि घुबड श्रीक करतं. कोश उघडला की बहुतेकांपुढे 'किंचाळणे' दिलेलं. मग पाचही ठिकाणी तेच ठेवायचं, की मराठीत वेगळे शब्द आहेत?

आहेत, आणि भरपूर आहेत. फक्त ते इंग्रजी शब्दांसमोर जोडीजोडीने उभे राहत नाहीत. इंग्रजी क्रियापद मुख्यतः आवाजाची जात सांगतं : किती उंच, किती लांब, गोल की खरखरीत. एकदा जात ठरली की तेच क्रियापद माणसाला, पोपटाला, ब्रेकला, कुणालाही लावता येतं. मराठी आधी विचारते, आवाज कुणाचा? घोडा खिंकाळतो, हत्ती चीत्कारतो, मोराचा केकारव, कुत्रं केकाटतं, कोल्ह्यांची कोल्हेकुई. आणि लगेच दुसरं विचारते, ऐकणाऱ्याला तो कसा वाटला? 'शेजारीण केकाटत होती' यात आवाजाची माहिती थोडी आणि शेजारणीबद्दलचं मत जास्त. 'कोकलणे'चंही तेच. त्यामुळे कोशातला पहिला प्रतिशब्द उचलला की एकतर प्राणी चुकतो, नाहीतर नको तिथे हेटाळणी शिरते.

आधी इंग्रजी बाजू नीट लावून घेऊ. स्क्रीम हा त्यातला सगळ्यात ऐसपैस शब्द. मोठा, लांबलेला, घसा फाडून काढलेला आवाज. कारण भीती, वेदना, राग, हसू, गायकाला पाहून आलेलं वेड, काहीही चालतं, आणि त्यात शब्दही असू शकतात. श्रीक त्याहून आखूड, धारदार आणि अचानक : पायाखालून उंदीर गेला की निघतो तो. स्क्रीचमध्ये उंचीच्या जोडीला खरखर हवीच. म्हणून तो पोपटाला, टायरला आणि फळ्यावर घासलेल्या खडूला शोभतो, आणि माणसाला लावला की अपमान होतो. स्क्वील पातळ आणि ताणलेला, डुकराचा किंवा खुशीत आलेल्या पोराचा. स्क्वीक म्हणजे त्याचंच धाकटं भावंड : उंदीर, नवा बूट, कोरडी बिजागरी. श्रीक आणि स्क्रीच या मुळात एकाच घरातल्या. जुन्या नॉर्स भाषेतल्या एका धातूशी दोघींचं नातं लावतात, म्हणून कोशात दोघींचे अर्थ एकमेकांत सांडलेले दिसतात. शाउट आणि येल या रांगेत बसवू नयेत. तिथे माणूस मुद्दाम, बहुधा काही सांगण्यासाठी ओरडतो, आणि आवाज उंच असायलाच हवा असं नाही.

या सगळ्या शब्दांत 'ई' आहे हे लक्षात आलं असेल. तो योगायोग नसावा. 'ई' म्हणताना जीभ पुढे आणि वर जाते, तोंडातली पुढची पोकळी लहान होते आणि आवाजातला वरचा भाग उठून दिसतो. पुरुषी आवाजात 'ई'चं दुसरं अनुनादशिखर (तोंडाच्या पोकळीत घुमून जोर धरणाऱ्या पट्ट्यांपैकी खालून दुसरा) साधारण 2300 हर्ट्झला असतं, 'ऊ'चं 900 च्या खाली. माणसाचा कान 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट, म्हणून 'ई' असलेला शब्द कानाला आपोआप उंच लागतो. मराठीनेही हेच केलं आहे : किंकाळी, चीत्कार, शीळ, शिट्टी, किरकिर यांचं पहिलं अक्षर पाहा, आणि शेजारी गर्जना, डरकाळी, हंबरडा ठेवा.

पण नुसत्या उंचीने किंकाळी होत नाही. बासरीही उंच असते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात किंकाळीची खूण वेगळीच सापडली : तिचा जोर सेकंदाला 30 ते 150 वेळा वरखाली होतो. कानाला तो खडबडीतपणा जाणवतो आणि मेंदू दचकतो. साध्या बोलण्यात ही थरथर फार मंद असते. स्क्रीम आणि स्क्वील यांतला फरकही बराचसा इथेच आहे. स्क्वील गुळगुळीत, स्क्रीम खडबडीत.

आता तुमची बाई. एकदाच ओरडली असेल तर 'किंकाळी', ओरडत राहिली तर 'किंचाळते'. सबटायटलच्या कंसात नाम बरं, '(किंकाळी)' एका नजरेत वाचून होतं. वाक्य करायचं असेल तर जोडक्रियापद सांभाळा, कारण भाषांतर आहे हे पहिल्यांदा तिथेच उघडं पडतं. किंकाळी फोडतात, टाहो आणि हंबरडाही फोडतात. भोकाड पसरतात. गळा काढतात. आरोळी ठोकतात, हाळी देतात, शीळ घालतात, शिट्टी मारतात किंवा वाजवतात, बोंब मारतात किंवा ठोकतात. 'हंबरडा मारला' किंवा 'टाहो दिला' हे मराठी वाचकाला दाताखाली खडा आल्यागत लागतं. स्क्रीम रागाचा आणि शब्दांसकट असेल तर किंकाळीचा काही संबंध नाही, तिथे 'अंगावर ओरडते' किंवा 'किंचाळून म्हणते'. मैफलीतली गर्दी स्क्रीम करत असेल तर 'जल्लोष'.

टायर आणि ब्रेक यांत गल्लत फार होते. 'करकचून ब्रेक लावला' यात 'करकचून' हे जोराचं वर्णन आहे, आवाजाचं नाही, तेव्हा आवाजाच्या कंसात ते लिहू नका. टायर रस्त्यावर घसरताना जो फाटका आवाज येतो तो स्क्रीच. त्याला '(टायरचा कर्कश आवाज)' हे साधंच बरं, 'टायर किंचाळले' हे कादंबरीत चालेल. डिस्क ब्रेक हळू लावताना जो एकसुरी पातळ आवाज निघतो तो स्क्वील, आणि अभियंतेही त्याला ब्रेक स्क्वील असंच म्हणतात. पॅड आणि डिस्क एकमेकांना क्षणभर धरतात, सुटतात, पुन्हा धरतात, आणि सेकंदाला काही हजार वेळा हे झालं की डिस्कच घंटेसारखी वाजू लागते. हार्बरची लोकल वडाळ्यापुढच्या वळणावर कण्हते तेव्हा चाक आणि रूळ यांच्यात हाच धर-सोडीचा खेळ चालू असतो : डब्याखालच्या आसा एकमेकींना समांतर जखडलेल्या, त्यामुळे वळणावर चाकाला रुळावर आडवं सरकावं लागतं. गॅरेजमध्ये या सगळ्याला 'ब्रेक आवाज करतोय' एवढंच म्हणतात. सबटायटलला ते पुरत नाही, पण दिशा बरोबर आहे : यंत्राच्या आवाजाला मराठी सहसा नाम आणि विशेषण देते, माणसाचं क्रियापद देत नाही.

दाराची गोष्ट जाता जाता. इंग्रजीत क्रीक आणि स्क्वीक वेगळे. क्रीक खालच्या सुरातला, लाकडाचा, जडशीळ, आपली 'करकर' किंवा 'कुरकुर'. स्क्वीक पातळ, आपलं 'चूंचूं' किंवा 'कुईकुई'. भयपटातलं दार करकरायला हवं. ते चूंचूं करू लागलं तर प्रेक्षक हसेल.

बाळाचं स्क्वील ही पाचांतली सगळ्यात धोक्याची जागा. कंसातल्या या सूचना मुळात ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी असतात. चित्रात बाळाची पाठ दिसतेय आणि खाली '(बाळ किंचाळतं)' आलं, तर त्या प्रेक्षकाच्या लेखी बाळाला काहीतरी झालं. आनंदाचं स्क्वील असेल तर 'बाळ खिदळतं' किंवा 'आनंदाने चीत्कारतं'. (चीत्कारचा 'ची' दीर्घ, शब्द संस्कृत आहे. 'चित्कार' सर्रास छापलेलं दिसतं म्हणून सांगितलं.) रडण्याच्या पायऱ्यांना मराठीतही बारीक शब्द आहेत. व्हाइनला किरकिर, व्हिम्परला मुसमुसणं, बॉलला (चेंडू नव्हे, मोठमोठ्याने रडण्याचा तो दुसरा) भोकाड. वेल (लांब विव्हळत रडणं) हे क्रियापद माणसाला लावलं असेल तर मात्र प्रसंग पाहायलाच हवा. 'गळा काढला' यात बोलणाऱ्याची सहानुभूती संपलेली असते. प्रेतापाशी बसलेल्या आईला ते लावू नये. तिथे 'हंबरडा' किंवा 'आक्रोश'. हंबरडा गाईच्या हंबरण्यातून आलेला असला तरी त्यात थट्टा अजिबात नाही.

सायरनचा वेल हा तर जवळजवळ पारिभाषिक शब्द आहे. रुग्णवाहिकेच्या नि पोलिसांच्या इलेक्ट्रॉनिक सायरनवर वेगवेगळे सूर निवडता येतात, त्यांची नावंच वेल, येल्प आणि हाय-लो अशी आहेत. वेल सावकाश चढतो आणि उतरतो, येल्प तेच भराभर करतो, हाय-लोमध्ये दोनच सूर आलटून पालटून. सहसा मोकळ्या रस्त्यावर वेल लावतात आणि सिग्नल जवळ आला की येल्प. म्हणजे मूळ लेखकाने इथे दुःख वगैरे काही म्हटलेलं नाही. 'सायरन आक्रंदतो' असं लिहिणारे आहेत, त्यांनी ते कवितेसाठी राखून ठेवावं. '(सायरन वाजतो)' पुरे, आणि चढउतार कथेला हवाच असेल तर '(सायरनचा चढता-उतरता आवाज)'. 'भोंगा' इथे घेऊ नका. गिरणगावात ज्यावर पाळ्या चालायच्या तो गिरणीचा भोंगा जड, एकसुरी, लांबवर पोहोचणारा, इंग्रजीतला हूटर. कारखान्याच्या दृश्यात तोच शब्द चपखल बसतो.

घुबडाबद्दल मराठी माणसाचा समज असा की घुबड म्हटलं की घूत्कार. सगळी घुबडं घूत्कार करत नाहीत. पांढऱ्या, हृदयाच्या आकाराच्या चेहऱ्याचं गव्हाणी घुबड, जे मुंबईत जुन्या इमारतींच्या पोटमाळ्यावर नि वळचणीला सापडतं, ते हूट करतच नाही. त्याचा आवाज लांब, फाटका, श्वास ओरबाडून काढल्यासारखा असतो. मूळ इंग्रजीत श्रीक किंवा स्क्रीच असेल आणि पडद्यावर हेच घुबड असेल, तर 'घूत्कार' चूक, '(घुबडाचा चिरका आवाज)' बरोबर. यात आणखी एक खाच आहे. ब्रिटनमध्ये स्क्रीच आउल हे याच गव्हाणी घुबडाचं जुनं लोकनाव, तर अमेरिकेत ते वेगळ्याच छोट्या घुबडांचं नाव, आणि ती बिचारी फारशी कर्कश ओरडत नाहीत, थरथरती शीळ घालतात. त्यामुळे नावावरून आवाज ठरवू नका, ध्वनिफीत ऐका. गरुडाच्या बाबतीत ध्वनिफीतही फसवते. अमेरिकी चित्रपटांत टक्कल गरुड उडतो तेव्हा ऐकू येणारी दमदार किंकाळी बहुतेक वेळा लाल शेपटीच्या बाज पक्ष्याची चिकटवलेली असते. खऱ्या गरुडाचा आवाज अगदीच किरटा आहे. सबटायटलकाराने मात्र जे ऐकू येतंय तेच लिहावं, पक्षिशास्त्र सुधारायच्या भरीस पडू नये.

तुमच्या पाचांत नाही, पण पुढच्या भागात हमखास भेटेल तो श्रिल. त्याला डोळे मिटून 'कर्कश' लावतात. कर्कश म्हणजे उंच अधिक नकोसा. आवाज नुसता उंच असेल तर मराठीत गाण्याच्या बैठकीतून आलेले सुंदर शब्द आहेत : 'वरच्या पट्टीतला', 'टिपेचा'. टिपेचा आवाज ही नाट्यसंगीतात तारीफ असते. उंच आणि फाटका असेल तर 'चिरका', उंच आणि बारीक असेल तर 'किनरा'. एखाद्या बाईच्या भाषणाला इंग्रजी पात्र श्रिल म्हणतं तेव्हा बहुधा त्याला आवाजाबद्दल काही म्हणायचं नसतं, ती बोलतेय हेच खुपत असतं. तो खवचटपणा पात्राचा असेल तर 'कर्कश' ठेवा. कंसातली तटस्थ सूचना असेल तर 'टिपेचा'.

आणि जागेचं भान. इंग्रजी सबटायटलची ओळ साधारण 42 अक्षरांची धरतात, मराठीत जोडाक्षरांमुळे ती अधिक भरलेली दिसते. दोन शब्दांत आवाज बसत नसेल तर विशेषण टाका, आवाज कुणाचा ते ठेवा. '(टायरचा आवाज)' चालेल, नुसतं '(कर्कश आवाज)' चालणार नाही.