कोळंबीच्या सालांपासून जखमेचं जेल करताना

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून कोळंबीची सालं आणलीस, छान केलंस. पण ती त्याच दिवशी धुऊन वाळव; आपल्या दमट हवेत रात्रभरात कुजतात. आम्ल, मग अल्कली, हे टप्पे हाताखालून गेले की जमतील. खरी गोम पुढे आहे. सालांतून शेवटी मिळणारं कायटोसान, म्हणजे आपल्या जेलचा मूळ पदार्थ, १ टक्का ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळतं, आणि ते ॲसिड स्वतःच जंतू मारतं! म्हणून जंतू वाढवलेल्या प्लेटवर जेलशेजारी त्याच सामूच्या (pH) नुसत्या ॲसिडचा थेंब तुलनेसाठी ठेव. मी ठेवला नव्हता. वर्षभराचं काम पुन्हा करावं लागलं. सामू ६.५ च्या वर गेला की कायटोसानच्या रेणूतल्या अमाइन गटांवरचा धनभार ओसरतो, जंतूच्या ऋणभारित आवरणावरची पकड सुटते. प्रत्येक निकालाशेजारी सामू लिहीच. आणि बंदरावर कुणाचा कापलेला हात दिसला तरी आपलं जेल लावू नकोस गं; ते निर्जंतुक नाही.