दुर्मिळ जुनी ट्विनशॉक ट्रायल्स बाईक घ्यावी का, आणि घ्यायची तर बघायचं काय?

तुमचा प्रश्न असा आहे की मॉडर्न ट्रायल्स गाडी (दगड-ओढ्यांतून पाय न टेकता जायच्या स्पर्धेची) दोन वर्षं चालवून झाली, आता एखादी दुर्मिळ ट्विनशॉक, म्हणजे मागे दोन शॉक असलेली जुनी गाडी, घ्यायचीय, नुसती पुसून ठेवायला नाही तर चालवायला, तर कुठली घेऊ आणि बघायला गेल्यावर काय तपासू. मी गेली कितीतरी वर्षं याच गाड्यांत हात काळे करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ सांगतो, पहिलीच ट्विनशॉक दुर्मिळ घेऊ नका. बुल्टाको शेर्पा, मोंटेसा कोटा 348 किंवा 349, यामाहा टीवाय 175, फँटिक 200 किंवा 240, होंडा टीएलआर 200, यातली एखादी घ्या, कारण यांचं सामान अजून मिळतं, शेर्पाचं तर बरंच काही नव्याने बनवलं जातं. दुर्मिळ गाडीत खरी दुर्मिळ गोष्ट गाडी नसतेच, तिचे बारके पार्ट असतात. एअरबॉक्सचं झाकण, सायलेन्सरचा मधला भाग, किक लिव्हर, मागच्या हबची ब्रेक प्लेट. इंजिन माणूस कसंतरी उभं करतो हो, पण एअरबॉक्स नसेल तर गाडी धूळ ओढणार आणि तुम्ही तो एक प्लास्टिकचा डबा वर्षभर शोधत बसणार. म्हणून माझा नियम एकच, रंग उडालेली पण पूर्ण गाडी घ्यायची, चकचकीत पण अर्धवट गाडी सोडून द्यायची.

बेल्जियमच्या एडी लेज्यूनने 1982, 83 आणि 84 असं सलग तीन वर्षं वर्ल्ड टायटल मारलं ती होंडाची 360 सीसी फोर-स्ट्रोक मलाही स्वप्नात दिसते, पण अशी गाडी घेऊन दगडावर कोण आपटणार? आणि "स्पेशल" म्हणून विकायला येणाऱ्या गाड्यांना तर जास्तच जपून राहा. मॅजेस्टीचंच उदाहरण बघा. सुरुवातीच्या मॅजेस्टी यामाहा टीवायचीच फ्रेम कापून, जोडून बनवलेल्या, मग तेच काम नंतर कुणीही आपल्या गॅरेजमध्ये करू शकतो आणि केलेलंही आहे. अशी गाडी चालवायला वाईट असते असं नाही, पण पैसे कागद बघून द्यायचे, टाकीवरचं स्टिकर बघून नाही. बुल्टाकोचं त्या मानाने सोपं आहे, फॅक्टरीतून निघताना इंजिन आणि फ्रेमचा नंबर जुळलेला असायचा आणि नंबराच्या सुरुवातीलाच मॉडेल कळतं, 199 असेल तर मोठी 350 वाली, 198 असेल तर 250 वाली. दोन्ही नंबर स्वतः वाकून, चिंधीने पुसून वाचा. आकड्यांच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्यासारखं दिसलं तर तिथूनच परत फिरा.

आता टाकी. याबद्दल कळकळीने सांगतो कारण मी यात पोळलोय. त्या काळच्या बऱ्याच स्पॅनिश गाड्यांच्या टाक्या फायबरग्लासच्या आहेत आणि आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ते रेझिन हळूहळू विरघळवतं. मी घेतलेली शेर्पा पहिले दोन आठवडे मस्त चालली, मग एका सकाळी थ्रॉटल सोडला तरी कार्बोरेटरमधली स्लाइड, म्हणजे थ्रॉटलने वर-खाली होणारा तुकडा, खाली येईना. कार्ब उघडला तर स्लाइडला मधासारखा पिवळसर चिकट थर, बोटाला लावला तर तार निघत होती, आणि फ्लोट बोलच्या तळाशी तोच थर वाळून काचेसारखा झालेला. विकणाऱ्याने टाकीला आतून कोटिंग केलंय असं सांगितलं होतं, ते सोलून पापुद्रे होऊन खाली बसलेलं. ती टाकी गेलीच, शेवटी अॅल्युमिनियमची बसवली. तेव्हापासून मी झाकण उघडून मोबाईलचा टॉर्च आत मारल्याशिवाय आणि नाकाने वास घेतल्याशिवाय किमतीचं बोलतच नाही. आत फुगे, पापुद्रे किंवा चिकटपणा दिसला तर नव्या टाकीचे पैसे किमतीतून वजा करूनच बोला.

इंजिन नेहमी थंड असताना बघा. जायच्या आधी फोनवर सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका, आणि पोचल्यावर पहिल्यांदा सिलिंडरला हात लावा. टू-स्ट्रोक असेल तर दहा मिनिटं चालवून, चांगली गरम झाल्यावर थ्रॉटल एकदम सोडा. आवाज लगेच खाली बसला पाहिजे. वरच रेंगाळत राहिला तर बहुतेक वेळा क्रँकच्या मॅग्नेटो बाजूचं सील हवा ओढतंय, मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतंय, आणि असंच चालवत राहिलं तर पिस्टन जाणार. याउलट निळसर धूर थांबतच नसेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी कमी होत असेल तर क्लच बाजूचं सील गेलंय. सील स्वस्त असतं पण काही इंजिनांत त्यासाठी बरंच काही खोलावं लागतं.

फ्रेमसाठी बॅशप्लेटच्या (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याच्या) खाली आडवं होऊन बघा, चाळीस-पन्नास वर्षांचे दगड तिथेच लागलेले असतात. फूटपेगचे ब्रॅकेट, वरचे शॉक माउंट आणि स्टिअरिंग हेडजवळची वेल्डिंग नीट बघा, रंगाखाली केसासारखी रेघ दिसली तर ती ओरखडा नाही, क्रॅक आहे असंच समजायचं. मग स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा भाग) बाजूला हलवून प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघा. स्पोक, चेन वगैरे बदलता येतं, त्यावर वेळ घालवू नका.

टायरमध्ये बहुतेक लोक चुकतात. पुढे 2.75-21, मागे 4.00-18, आणि या जुन्या रिमना ट्यूबवालाच ट्रायल्स टायर लागतो, मॉडर्न गाडीचा ट्यूबलेस काढून बसवायचा नाही. हवा पुढे पाचेक पीएसआय, मागे चारच्या आसपास, आणि एवढ्या कमी हवेत टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटला जाऊ नये म्हणून रिमलॉक (टायर रिमला दाबून धरणारा क्लॅम्प) पाहिजेच.

आता चालवायचं. मॉडर्न गाडीची सवय इथे आड येते. तुमची आत्ताची गाडी सत्तर किलोच्या आसपास असेल, शेर्पा नव्वदच्या पुढे, आणि क्लच एका बोटाने धरून थांबणं, जागेवर उड्या मारून पुढचं चाक वळवणं हे हिच्याकडून होत नाही. ही गाडी वाहती ठेवायची. आधी सेक्शन, म्हणजे स्पर्धेतला आखून दिलेला अवघड टप्पा, पायी चालून बघा, वळणाला लागणारी जागा मॉडर्नपेक्षा बरीच जास्त धरा. फ्लायव्हील जड असतं, त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये जवळजवळ आयडलवर ती टक् टक् करत ओल्या दगडावर चढत जाते, तुम्ही फक्त पेगवर उभं राहून वजन बाहेरच्या पायावर ठेवायचं आणि क्लचला हात लावायचा मोह आवरायचा. मला हे जमायला एक अख्खा पावसाळा लागला, पण ज्या दिवशी जमलं त्या दिवशी कळलं की ट्रायल्समधला दिग्गज सॅमी मिलरने 1965 ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल या शेर्पावर जिंकल्यावर सगळ्यांनी मोठमोठ्या ब्रिटिश फोर-स्ट्रोक का सोडल्या. त्याआधी तो स्वतः 500 सीसीची एरियल चालवत होता!

अजून दोन गोष्टी. बऱ्याच जुन्या स्पॅनिश गाड्यांचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो, तर सुरुवातीला उतार टाळा, सपाट जागेवर आठाचे आकडे मारत बसा, घाबरल्यावर पाय आपोआप जुन्या जागी जातो. आणि ड्रम ब्रेक पाण्यातून निघाल्यावर काही क्षण धरतच नाहीत, म्हणून ओढा पार केला की दोन्ही ब्रेक हलके दाबून धरूनच पुढे जायचं, लायनिंग वाळेपर्यंत.

एखादी गाडी सापडली तर दोन्ही नंबरांचे, टाकीच्या आतला आणि बॅशप्लेट काढून खालून घेतलेला असे फोटो मागवा. विकणारा ते द्यायला टाळाटाळ करत असेल तर जायचा त्रास घेऊ नका, आणि दिले तर मला दाखवा, मी बघून सांगतो.