बेरीज दुप्पट का येते? बिझनेस ऑब्जेक्ट्सविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडच्या रिपोर्ट प्रणालीवर एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीचे नाव आहे, पण जुने सहकारी तिला ‘बीओ’ म्हणतात. ती मूळची कुणाची?

उत्तर: बीओ म्हणजे बिझनेस ऑब्जेक्ट्स, डेटाबेसमधून रिपोर्ट काढण्याचे साधन आणि ते बनवणारी कंपनी. डेटाबेस बनवणाऱ्या ओरॅकलच्या फ्रान्समधील शाखेतून बाहेर पडलेल्या बर्नार लियोतो आणि देनी पेर यांनी १९९० साली ही कंपनी काढली. मूळ कल्पना मात्र झाँ-मिशेल काँबो या प्रोग्रामरची. डेटाबेसमधली टेबले, कॉलम आणि जॉइन (टेबले जोडणारे दुवे) एकदाच जाणकाराने जुळवून ठेवायचे आणि वर ‘ग्राहक’, ‘विक्रीची रक्कम’ अशी रोजच्या भाषेतली नावे द्यायची. वापरणाऱ्याने नावे निवडली की एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतला मजकूर) आतल्या आत तयार होते. या मधल्या थराला कंपनीने ‘युनिव्हर्स’ म्हटले. कंपनीचा पुढचा सगळा डोलारा या एका कल्पनेवर उभा राहिला.

१९९४ मध्ये शेअर नॅस्डॅकवर आले. ऑक्टोबर २००७ मध्ये एसएपीने सुमारे ४.८ अब्ज युरोंना खरेदी जाहीर केली आणि जानेवारी २००८ मध्ये व्यवहार पुरा झाला. त्याच २००७ साली ओरॅकलने हायपेरियन घेतली आणि आयबीएमने कॉग्नॉसची खरेदी जाहीर केली. रिपोर्ट-साधनांच्या क्षेत्रातल्या तीन मोठ्या स्वतंत्र कंपन्या एका वर्षात मालक बदलायला निघाल्या.

प्रश्न: युनिव्हर्सचे पेटंट होते म्हणतात. इतक्या साध्या गोष्टीचे पेटंट?

उत्तर: आज साधी वाटते. काँबो आणि लियोतो यांच्या नावे १९९१ मध्ये अमेरिकेत अर्ज झाला आणि १९९६ मध्ये पेटंट मिळाले. त्याच्या जोरावर कंपनीने ब्रिओ या प्रतिस्पर्धी कंपनीवर आणि नंतर कॉग्नॉसवर दावे लावले. दोन्ही प्रकरणे पैसे घेऊन मिटवली गेली. कॉग्नॉसने २००२ मध्ये २.४ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

प्रश्न: एकाच रिपोर्टमध्ये ऑर्डरची रक्कम आणि जमा रक्कम घेतली की दोन्ही आकडे फुगतात. वेगवेगळे घेतले तर बरोबर येतात. दोष रिपोर्टचा की युनिव्हर्सचा?

उत्तर: युनिव्हर्सचा. याला ‘कॅझम ट्रॅप’ म्हणतात. समजा, एका ग्राहकाच्या ३ ऑर्डर आहेत, एकूण ९००. आणि २ पावत्या आहेत, एकूण ५००. ग्राहकाचे टेबल दोन्हींना जोडलेले, पण ऑर्डर आणि पावती यांचा आपसात संबंध नाही. एकाच क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) तिन्ही टेबले आली की प्रत्येक ऑर्डर प्रत्येक पावतीशी जुळते आणि ३ × २ = ६ ओळी तयार होतात. ऑर्डरची बेरीज १८०० होते, पावत्यांची १५००. एक रक्कम दुप्पट, दुसरी तिप्पट; म्हणून ‘सरसकट दोनने भागा’ हा उपाय चालत नाही. (तो करून पाहणारे असतात.)

आधी क्वेरी पॅनेलमध्ये तयार झालेले एसक्यूएल उघडून बघा. एकाच सिलेक्टमध्ये (एसक्यूएलच्या एका वाक्यात) दोन्ही रकमांची टेबले दिसली तर निदान पक्के. मग युनिव्हर्समध्ये दोन कॉन्टेक्स्ट (एकत्र वापरायच्या जॉइनचे गट) करा: एकात ग्राहक–ऑर्डर हा जॉइन, दुसऱ्यात ग्राहक–पावती. एकही जॉइन कॉन्टेक्स्टबाहेर राहू देऊ नका, नाहीतर नव्या चुका उगवतात. आता दोन वेगळी सिलेक्ट जातील आणि उत्तरे ग्राहकावर जुळवली जातील.

‘प्रत्येक मेजरसाठी स्वतंत्र एसक्यूएल’ (मेजर म्हणजे बेरीज करायचा आकडा) ही खूण युनिव्हर्समध्ये आधीपासूनच केलेली असते. तिच्यावर विसंबू नका. दोन टेबलांतली दोन मेजर घेतली तर ती वाचवते. पण ऑर्डरची तारीख हे डायमेन्शन (ज्यानुसार आकडे बघायचे ते) आणि जमा रक्कम हे मेजर एकत्र घेतले की पुन्हा तोच घोळ. चाचणीत सगळे बरोबर दिसते आणि महिनाअखेरीच्या रिपोर्टमध्ये फुटते, ते यामुळेच.

याचा भाऊ म्हणजे ‘फॅन ट्रॅप’. ऑर्डरवर वाहतूक खर्च ६० आणि तिच्या ४ ओळी (मालाच्या नोंदी) असतील, तर ओळींसोबत खर्च घेताच तो २४० होतो. तिथे नुसत्या कॉन्टेक्स्टने भागत नाही. ऑर्डर टेबलाचा एलियस (दुसऱ्या नावाने तेच टेबल) करून खर्चाचे मेजर त्यावर बसवा आणि मग कॉन्टेक्स्ट वेगळे करा.

प्रश्न: एकाच संचात क्रिस्टल रिपोर्ट्स आणि वेब इंटेलिजन्स अशी दोन साधने कशासाठी?

उत्तर: कारण त्या दोन वेगळ्या कंपन्या होत्या. क्रिस्टल कॅनडातल्या व्हँकुव्हरची. हार्ड डिस्क बनवणाऱ्या सीगेटने ती १९९४ मध्ये घेतली, पुढे तिचे नाव क्रिस्टल डिसिजन्स झाले आणि २००३ मध्ये ती बिझनेस ऑब्जेक्ट्सकडे आली. क्रिस्टल छापील, ठरीव मांडणीच्या कागदांसाठी. वेब इंटेलिजन्स स्वतः खोदून बघण्यासाठी. गंमत अशी की बिझनेस ऑब्जेक्ट्सच्या नंतरच्या ‘एक्सआय’ आवृत्तीचा सर्व्हर पाया खरेदी केलेल्या क्रिस्टलचाच वापरला गेला. निर्णय योग्यच होता, पण जुन्या ६ व्या आवृत्तीच्या ग्राहकांना साधे अपग्रेड न मिळता अख्खे स्थलांतर करावे लागले.

त्या पायाचा परिणाम बॅकअप घेताना आजही जाणवतो. रिपोर्टची नोंद आणि हक्क सीएमएसच्या (मध्यवर्ती व्यवस्थापन सर्व्हरच्या) डेटाबेसमध्ये राहतात, प्रत्यक्ष फाइल मात्र फाइल रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये. दोन्हींचा बॅकअप एकाच क्षणाचा हवा. डेटाबेस रात्रीचा आणि फोल्डर दुपारचा परत आणलात तर काही नोंदींना फाइल सापडत नाही आणि काही फाइली बेवारस पडतात. तसे झालेच तर रिपॉझिटरी डायग्नॉस्टिक टूल चालवा. आधी फक्त तपासणी, अहवाल वाचून मगच दुरुस्ती.

प्रश्न: जुन्या सर्व्हरवर .rep फाइलींचा ढीग सापडला. उघडायच्या कशा?

उत्तर: या डेस्कटॉप इंटेलिजन्स या बीओच्या जुन्या रिपोर्ट-साधनाच्या फाइली आहेत. २०११ च्या ४.० आवृत्तीमध्ये ते साधन वगळले गेले. रिपोर्ट कन्व्हर्जन टूलने त्या वेब इंटेलिजन्सच्या .wid मध्ये बदलता येतात, पण आधी त्यांचे युनिव्हर्स जिवंत आहे का ते बघा. व्हीबीए मॅक्रो (रिपोर्टमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्राम) येत नाहीत, ते नव्याने करावे लागतात. ‘अंशतः रूपांतरित’ असा शेरा आलेल्या फाइलींत सूत्रे आणि मांडणी हाताने तपासा. आणि जुना सर्व्हर बंद करण्यापूर्वी प्रत्येक रिपोर्टची एक पीडीएफ काढून ठेवा, बेरजा ताडायला तीच उपयोगी पडेल.