पैसे भरून छापलेला पेपर बोगस असतो का?

पत्र : मी एसटीतून निवृत्त झालो. मुलगी पर्यावरणशास्त्रात पीएचडी करते, मुळा-मुठेच्या पाण्यावर तिचं काम आहे. पहिला पेपर, म्हणजे शोधनिबंध, तयार आहे. मैत्रिणी म्हणतात, ओपन ॲक्सेस जर्नलला पाठव. तिथे दीड लाख लागतात. गाइड म्हणतात, सबस्क्रिप्शन जर्नलला पाठव, एक पैसा लागत नाही. मी एफडी मोडायला तयार आहे, पण ‘पैसे भरून छापून आणलं’ असं तर होणार नाही ना? – एक पालक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर :

नमस्कार,

एफडी मोडू नका. गाइड बरोबर सांगताहेत. पण मैत्रिणींचंही पूर्ण चुकत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सबस्क्रिप्शन जर्नलचा खर्च वाचणाऱ्यांकडून, म्हणजे ग्रंथालयांकडून वसूल होतो. ओपन ॲक्सेसमध्ये पेपर जगात कोणालाही फुकट वाचता येतो आणि खर्च बहुतेक वेळा लेखकाकडून घेतात. ‘नेचर’सारखं नामांकित जर्नलसुद्धा 2021 पासून ओपन ॲक्सेससाठी 9,500 युरो आकारू लागलं. तेव्हा पैसे घेतले म्हणजे बोगस, असं नाही. पेपर तज्ज्ञांनी खरोखर तपासला का, हे बघायचं.

ते घरबसल्या बघता येतं. त्या जर्नलचे अलीकडचे चार-पाच पेपर उघडायला सांगा. पहिल्या पानावर पेपर कधी आला, कधी सुधारला, कधी स्वीकारला याच्या तारखा बहुधा असतात. सगळेच पेपर आठवड्याभरात स्वीकारलेले दिसले, तर तिथे कोणी काही तपासत नाही, एवढं समजा. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का, तेही बघावं. आणि ‘तीन दिवसांत प्रसिद्धी’ असं आमंत्रण आपणहून ईमेलवर आलं, तर उत्तरसुद्धा देऊ नये. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, ‘यूजीसी-केअर’ या विश्वासार्ह जर्नलांच्या यादीचा आधार होता, तिचं काम आपल्या पुणे विद्यापीठातूनच चालायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली. आता ही पारख ज्याची त्यानेच करायची आहे.

आता दीड लाखांचं. आज बरीच सबस्क्रिप्शन जर्नलं ‘हायब्रिड’ आहेत. पेपर स्वीकारल्याचं कळल्यावर लेखकाकडे एक फॉर्म येतो आणि त्यात विचारतात : शुल्क भरून खुला करायचा, की नेहमीच्या पद्धतीने छापायचा? तोवर तपासणी संपलेली असते. दुसऱ्या पर्यायावर खूण केली, तरी जर्नल तेच आणि सीव्हीवर ओळही तीच. असं असताना घरचे दीड लाख का घालायचे?

मात्र तिचा पेपर खुला असावा, असं मलाही मनापासून वाटतं. केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेमुळे 2025 पासून सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना सुमारे 13,000 जर्नलं वाचता येतात. पण नदीवर काम करणारा कार्यकर्ता किंवा विनाअनुदानित कॉलेजातला प्राध्यापक त्यात येत नाही. मुळा-मुठेबद्दलचं संशोधन पुण्यातल्याच माणसाला विकत घेऊन वाचावं लागलं, तर ते बरं नाही.

त्यावर बिनखर्चाची वाट आहे, तिला ‘ग्रीन ओपन ॲक्सेस’ म्हणतात. तज्ज्ञांच्या सूचनांनुसार सुधारून स्वीकारला गेलेला, पण प्रकाशकाने पानं लावण्याआधीचा मसुदा बहुतेक प्रकाशक लेखकाच्या संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, ठेवू देतात. मात्र त्यासाठी अनेकदा वर्षभर किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. मुदत जर्नलच्या वेबसाइटवर लिहिलेली असते. त्या मसुद्याची फाइल मुलीने आत्तापासून वेगळी जपून ठेवावी. नंतर कोणती प्रत अंतिम होती तेच सापडत नाही. शिवाय लेखक आणि वाचक दोघांकडूनही पैसे न घेणारी जर्नलं आहेत, तीही गाइडसोबत बघावीत.

घाई मुळीच नको. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे, अशी सक्ती राहिलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट आहे का, तेवढं पीएचडी विभागात विचारून घ्यावं.

आणि पुढे कधी शुल्काचं जर्नलच योग्य वाटलं, तर आधी गाइडच्या प्रकल्पाच्या निधीत तरतूद आहे का ते बघावं. सवलतीचा अर्ज पेपर पाठवतानाच करावा, स्वीकारल्यानंतर सहसा ऐकत नाहीत. वर सांगितलेल्या सरकारी योजनेतही निवडक ओपन ॲक्सेस जर्नलांच्या शुल्कासाठी पैसे ठेवले आहेत. त्याची चौकशी मुलीने तिच्या संस्थेच्या ग्रंथपालांकडे करावी.