बुरशी कूलरची की बांधकामाची?

प्रश्न : भुसावळला चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा टूबीएचके फ्लॅट आहे. खरेदी ३८ लाखांची, ताबा १४ ऑक्टोबर २०२२ चा. दोन पावसाळ्यांपासून तीन ठिकाणी काळी बुरशी येते : बेडरूमच्या पश्चिमेकडच्या खिडकीखाली, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर जमिनीजवळ आणि मुलांच्या खोलीत कपाटामागे. बिल्डर म्हणतो, ‘दिवसरात्र कूलर चालवता, बुरशी येणारच.’ धाकट्याला दम्याचा त्रास आहे. स्वखर्चाने बाथरूम फोडून नव्याने करून घ्यावं का?

उत्तर : बाथरूम अजिबात फोडू नका. बऱ्याच करारांत अट असते की, बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय टॉयलेट-बाथरूमच्या पाइपांत किंवा फरशीत बदल केला, तर दोष-दुरुस्तीची त्याची जबाबदारी संपते. तुमच्या करारातलं ते कलम आधी वाचा. फोडल्यावर पुरावाही मलब्याबरोबर जातो.

रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याचं कलम १४(३) तुमच्या बाजूने आहे. ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीचा किंवा मालाच्या दर्जाचा दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर ग्राहक भरपाईला पात्र ठरतो. तुमची ५ वर्षं १३ ऑक्टोबर २०२७ ला भरतात. दोष त्या तारखेच्या आत त्याच्या नजरेला आणून दिलेला असला पाहिजे, तोही लेखी. फोनवरची बोलणी नंतर सिद्ध करता येत नाहीत. प्रकल्पाचा महारेराकडचा (या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाकडचा) नोंदणी क्रमांक करारावर असतो, तोही काढून ठेवा.

आता कूलर. बिल्डरचं म्हणणं सरसकट उडवून लावू नका, कारण तुमच्या तीन जागांपैकी एक खरोखर कूलरची असण्याचा संभव आहे. बुरशीला ओल लागते, आणि ओल कुठून आली हे बुरशीची जागाच सांगते.

कपाटामागची जागा बघा. तिथे वारा फिरत नाही. खिडक्या लावून कूलर चालवला की हवेतलं बाष्प अशा थंड, कोंदट कोपऱ्यात बसतं. ही बुरशी विरळ ठिपक्यांची असते, रंगाला फुगे येत नाहीत, पांढरा खार नसतो. कपाटातले कपडे आणि चामडी पट्टे यांवरही ती दिसते. खात्रीसाठी दीड फूट लांबी-रुंदीचा अॅल्युमिनियम फॉइल भिंतीवर चारही कडा टेपने बंद करून २ दिवस ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या अंगाला दव आलं तर हवेतली ओल, भिंतीकडच्या अंगाला आलं तर भिंतीतली. कूलरची निघाली तर ही जागा तक्रारीतून वगळा. एक कच्चा मुद्दा दोन पक्क्या मुद्द्यांना कमकुवत करतो. फोटो काढून ती लगेच साफ करा, मुलाचं अंथरूण तिथून आजच हलवा. कोरड्या ब्रशने घासू नका, कण हवेत उडतात. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. कपाट भिंतीपासून ४ इंच पुढे घ्या आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा.

बाथरूमलगतच्या भिंतीची गोष्ट वेगळी. ओल जमिनीपासून फूट-दीड फूट वर चढलेली, रंगाचे पोपडे, त्याखाली खार, ही पाझराची लक्षणं आहेत. सर्वांत बोलका महिना मे. भुसावळच्या ४४-४५ अंशांच्या कोरड्या झळांतही ती भिंत ओली राहत असेल, तर तिला पाणी आतून मिळतंय. बाथरूम ४-५ दिवस बंद ठेवून बघा : ओल कमी झाली तर दोष नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) जोडात किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये; तशीच राहिली तर बहुधा भिंतीतल्या पाण्याच्या पाइपात, कारण त्यात दाब कायम असतो. नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर इंचभर पाणी २४ तास साठवण्याची चाचणी मात्र एकट्याने करू नका. बिल्डरच्या इंजिनीअरला लेखी बोलावून, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना सांगून करा. त्यांच्या छताला डाग असेल तर त्याचा फोटो आणि त्यांचं सहीचं निवेदन घ्या. कूलर तुमचा आणि डाग त्यांच्या छताला, याला बिल्डरकडे उत्तर नसतं.

खिडकीखालची जागा पावसाळ्यातच भिजत असेल, तर पश्चिमेचा झोडपणारा पाऊस खिडकीची चौकट आणि प्लास्टर यांच्यातल्या फटीतून किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येतोय. पण आधी सरकत्या खिडकीच्या पट्टीतली पाणी जायची भोकं धुळीने बुजलेली नाहीत ना, हे तपासा. ती साफ ठेवणं तुमचं काम आहे आणि बिल्डर पहिलं बोट तिथेच ठेवेल.

यानंतर सिव्हिल इंजिनीअरचा लेखी अहवाल घ्या. ‘ओल आढळली’ एवढ्यावर भागत नाही. ओलीचं कारण, जमिनीपासूनची उंची आणि मॉइश्चर मीटरचे आकडे त्यात हवेत. फोटो टेप धरून, तारखेसह काढा आणि मूळ फाइली मोबाइलमधून पुसू नका. डिजिटल फोटो पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते देताना त्या लागतील. मुलाच्या उपचारांची कागदपत्रं जोडा, पण दमा बुरशीमुळेच झाला असा दावा डॉक्टरांच्या लेखी मताशिवाय करू नका.

हे सगळं जोडून बिल्डरला दोष कळवणारी नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि ईमेलनेही पाठवा. ३० दिवसांत काम झालं नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करा. शुल्क ५,००० रुपये. दुरुस्तीचा आदेश प्राधिकरण देतं, भरपाईसाठी महारेरातल्याच निर्णय अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज लागतो. जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. ३८ लाखांच्या खरेदीला शुल्क १,००० रुपये. पण तिथे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते आणि तुमची बुरशी दोन पावसाळे जुनी आहे. उशीर माफ करून घेण्याच्या वादात पडण्यापेक्षा मी महारेराच निवडीन.

नोटीस मिळाल्यावर बिल्डरचा माणूस बहुधा पुट्टी आणि रंगाचा डबा घेऊन येईल. त्याला दारातून परत पाठवू नका, नाहीतर ‘दुरुस्ती करू दिली नाही’ हा बचाव त्याला मिळतो. आत घ्या, ओलीचं कारण काय आणि काम काय करणार हे लिहून, सही करून द्यायला सांगा. पाझर न काढता नुसता रंग द्यायला लागला, तर काम सुरू असतानाचे फोटो काढा आणि त्याच दिवशी ईमेलने हरकत कळवा.